मुक्कामी माणसांची शहरं

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं वालूर हे गाव आता जुन्या बारवांसाठी ओळखलं जातं. तिथली चक्राकार पायऱ्यांची बारव बघायला लांबून माणसं येतात. मधल्या काळात मात्र या बारवेची गत मराठवाड्यातल्या इतर बारवांसारखीच झाली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी आणि हातपंप वाढले, मागोमाग नळयोजना आल्या, पाण्यासाठी पायऱ्या उतरण्याची गरज संपली आणि बारवा गाळानं, झुडपांनी, कचऱ्यानं भरत गेल्या. पुढे वालूरकरांनी श्रमदान करून ही बारव मोकळी केली. वारसा जपला म्हणून या कामाचं कौतुक झालं, ते योग्यच. पण त्यामागची एक गोष्ट इतकी साधी आहे की ती बोलली जात नाही. ज्यांना ती बारव आठवत होती, गावही त्यांचंच होतं. त्यांची नावं मतदारयादीत होती, ग्रामसभेत त्यांना तोंड उघडता येत होतं आणि कुदळ-घमेलं घेऊन खाली उतरताना त्यांना कुणी अडवणार नव्हतं. आठवण आणि हक्क एकाच हातात असले की जुनी जागा वाचण्याची शक्यता असते. आठवण एकाची आणि हक्क दुसऱ्याचा अशी विभागणी झाली की काय होतं, हे आखाती देशांतल्या शहरांत दिसतं.

दुबईची लोकसंख्या १९६८ च्या गणनेत सुमारे ५९ हजार होती. आज ती ३६ लाखांवर आहे. संयुक्त अरब अमिरात आणि कतार या देशांत दर दहा माणसांतलं जेमतेम एक-सव्वा माणूस त्या देशाचं नागरिक असतं. बाकीची सगळी वस्ती बाहेरून आलेली आणि त्यात भारतीयांचा वाटा सर्वांत मोठा. म्हणजे तिथल्या गल्ल्या, दुकानं, बसथांबे, चहाच्या टपऱ्या यांचा रोजचा वापर करणारी बहुसंख्य माणसं कायद्यानं पाहुणी आहेत. नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर शहर. अशा माणसांना त्या शहराचा लळा लागतो का? लागत असेल, तर त्या लळ्याला काही अर्थ आहे का? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बहुधा हसून दिलं जातं: पैसे मिळवायला गेले, मिळवले, परत आले, आता कसली हळहळ? ही हळहळ हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आखाती शहरांच्या इतिहासाचा अर्धा भाग तिच्यातच साठलेला आहे आणि तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही.

हे नातं तेलाच्या पैशापेक्षा जुनं आहे. मस्कतला १८६४ मध्ये, बहारीनला १८८४ मध्ये आणि दुबईला १९०९ मध्ये जी टपाल कचेरी उघडली, ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची होती. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात येत आणि इथून युरोपात जात. त्या धंद्यासाठी कुवेत, बहारीनचे अरब व्यापारी मुंबईत घरं करून राहत. जपानी संवर्धित मोती आणि १९२९ ची जागतिक मंदी यांनी हा व्यापार मोडला, तरी रुपया तिथे चालतच राहिला. सोन्याच्या चोरट्या व्यापारात भारताचं परकीय चलन वाहून जायला लागलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतनं १९६१ मध्ये आणि बहारीननं १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. जून १९६६ मध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केल्यावर कतार आणि दुबईच्या बाजूच्या अमिरातींनीही रुपया सोडला. दुबईच्या खाडीकाठच्या जुन्या बाजारात हिंदुस्थानी बोलणारा माणूस तेलामुळे उपटसुंभासारखा आलेला नाही. अमिरातींचं संघराज्य २ डिसेंबर १९७१ ला जन्मलं, त्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे आहे.

मराठी माणसाचं आखातातलं मोठं पर्व १९७३ च्या तेलदरवाढीनंतर सुरू झालं. रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावरची मुस्लिम कुटुंबं आधीपासून बोटींवर आणि परमुलखात नोकरी करणारी. त्यांच्यातली तरुण मुलं कुवेत, सौदी, दुबईकडे वळली. खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या गावांतली स्लॅबची घरं या कमाईची साक्ष देतात. मुंबई-पुण्यातून अभियंते, हिशेबनीस, परिचारिका गेल्या आणि मराठवाड्यातून गवंडी, चालक, मदतनीस. या सगळ्यांचं शहर उंच इमारतींचं नव्हतं. बुर्ज खलिफा २०१० ची आणि दुबईची मेट्रो २००९ ची. त्याआधीच्या पिढीचं दुबई म्हणजे खाडी ओलांडून देणारी अब्रा, म्हणजे लाकडी होडी. देऱ्यातली घाऊक दुकानं. करामातल्या बैठ्या इमारती. शुक्रवारची सुट्टी आणि त्या दिवशी पैसे पाठवणाऱ्या एक्स्चेंजबाहेरची रांग. अमरावतीच्या दातार कुटुंबानं १९८४ मध्ये बर दुबईत किराणा दुकान काढलं आणि पुढे धनंजय दातार यांच्या हाताखाली त्यातून ‘अल अदील’ ही दुकानांची साखळी उभी राहिली. यशोगाथा म्हणून ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण असं दुकान चाललं याचा दुसरा अर्थ असा की भाजणी, पोहे, गोडा मसाला, उपासाचा साबुदाणा मागणारी घरं तिथे पुरेशा संख्येनं राहत होती, चतुर्थी पाळत होती, दिवाळीचा फराळ करत होती. शारजाच्या मैदानाचंही तसंच. एप्रिल १९९८ मध्ये सचिन तेंडुलकरनं दोन दिवसांच्या अंतरानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन शतकं ठोकली, ती आपण इथे दूरदर्शन संचावर पाहिली. तिथल्या कामगाराला आणि कारकुनाला मात्र शारजा म्हणजे परक्या देशात आपल्या आवाजात ओरडता येईल अशी हक्काची जागा होती.

ही शहरं बदलतात त्या वेगाची कल्पना इथे बसून येत नाही. कुवेत शहराची मातीची तटबंदी १९२० मध्ये बांधली गेली आणि १९५७ मध्ये पाडली गेली. आज फक्त तिच्या वेशी उभ्या आहेत. ब्रिटिश नियोजनकारांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या आराखड्यानुसार जुनी वस्ती उठली आणि कुवेती कुटुंबं बाहेरच्या प्रशस्त उपनगरांत गेली. ‘कुवेत ट्रान्सफॉर्म्ड’ या २०१६ च्या पुस्तकात इतिहासकार फराह अल-नकीब यांनी दाखवलं आहे की या बदलात जुन्या घरांबरोबर लोकांची एकमेकांत मिसळण्याची सवयही गेली. दुबईत सतवा या बैठ्या, दाट, मुख्यतः आशियाई वस्तीच्या जागी २००८ मध्ये अवाढव्य प्रकल्प जाहीर झाला, घरं पडायला लागली आणि जागतिक मंदीनं काम थांबवलं. दोह्याच्या मुशैरिब भागात स्वस्त खोल्यांतून आणि छोट्या दुकानांवरून आशियाई माणसं राहत होती. ३१ हेक्टरांचा तो भाग जवळजवळ पूर्ण साफ करून नवा, देखणा, महागडा भाग बांधला गेला. बर दुबईतल्या अरुंद गल्लीत हार-फुलं आणि प्रसादाच्या दुकानांमधून वाट काढत ज्या शिवमंदिरात लोक जात, ते २०२४ च्या सुरुवातीला जबल अलीच्या नव्या, मोठ्या मंदिरात हलवलं गेलं. नवं मंदिर प्रशस्त आहे, गाड्या लावायला जागा आहे, सगळं शिस्तीत आहे. पण संध्याकाळी कामावरून सुटल्यावर पायी जाऊन यावं, वाटेत पावभाजी खावी, ओळखीचं कुणी भेटावं, हा दिनक्रम शहराबाहेरच्या मंदिराभोवती आपोआप तयार होत नाही.

इथे कुणी म्हणेल की आखाती सरकारं वारसा जपत नाहीत असं थोडंच आहे? जपतात, आणि पुष्कळ खर्च करून जपतात. दुबईतली बस्तकिया ही इराणातल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांची, वाराघरांची (वारा खेळवणारे मनोरे असलेल्या घरांची) वस्ती १९८० च्या दशकात अर्धीअधिक पाडली गेली होती. रेनर ओटर या ब्रिटिश वास्तुरचनाकारानं आवाज उठवला, १९८९ मध्ये राजपुत्र चार्ल्स यांनी भेट दिली आणि उरलेला भाग वाचला. आज तिथे चित्रदालनं, उपाहारगृहं आणि पर्यटक असतात. दोह्याचा सूक वाकिफ हा जुना बाजार २००४ नंतरच्या काही वर्षांत असा सुधारला गेला की नंतरची बांधकामं आणि पत्रे काढून लाकूड-बांबूची छपरं बसवली आणि बाजार पुन्हा जुना दिसू लागला. मुशैरिबच्या चार वास्तुसंग्रहालयांतलं एक तेलकंपनीच्या पहिल्या कामगारांवर आहे आणि दुसरं चक्क गुलामगिरीच्या इतिहासावर. असा विषय संग्रहालयात मांडायला धैर्य लागतं, हे मान्य करायला हवं. पण या जतनात काय निवडलं जातं ते पाहावं. मोती काढणारे पाणबुडे, ससाणे, उंट, वाराघरं, लाकडी गलबतं यांना जागा मिळते. १९७५ ते २००० या काळातली चारमजली भाड्याची इमारत, तिच्या तळमजल्यावरचं केशकर्तनालय, व्हिडिओ कॅसेटचं दुकान, एका खोलीत आठ जणांनी केलेला संसार यांना नाही. तेल सापडण्याआधीचं जतन होतं, आजचं मिरवलं जातं आणि मधली पन्नास वर्षं गळून पडतात. शहर प्रत्यक्षात उभं राहिलं ते याच पन्नास वर्षांत आणि ते उभारणारे बहुतेक परके होते.

यात त्या देशांची बाजूही आहे. आपल्याच देशात दहातला एक उरलेल्या समाजाला आपली भाषा, पोशाख, चालीरीती टिकतील की नाही ही धास्ती असणं स्वाभाविक आहे. मुंबईत मराठी टक्का घसरला की आपल्याकडे किती वादळ उठतं हे आठवलं, तर अमिरातींची चिंता समजायला वेळ लागू नये. नव्या राष्ट्राला मुळं दाखवावी लागतात आणि ती वाळवंटात आणि समुद्रात शोधली गेली. शिवाय अमिराती आणि कतारी कुटुंबांचीही स्वतःची हळहळ आहे. त्यांच्या आजोबांचा मोहल्लाही गेलाच. पण दोन समाजांच्या आठवणी एकमेकींच्या विरोधात उभ्या करण्याचं कारण नाही. ज्या गल्लीत अमिराती मालक, इराणी बेकरीवाला, मल्याळी चहावाला आणि कोकणी टायपिस्ट एकाच वेळी वावरत होते, त्या गल्लीची खरी हकिकत चौघांकडूनच मिळेल. एकालाच विचारलं तर ती अपुरी राहील.

या हळहळीवरचा पहिला आक्षेप पैशाचा आहे. कुणी जबरदस्तीनं नेलं नव्हतं, करार माहीत असून गेले, त्यामुळे शहरावर हक्क सांगू नये. यातला कराराचा भाग खरा आहे. पण करार श्रमाचा होता आणि माणूस श्रमाबरोबर अख्खा जातो. वीस-तीस वर्षांत मुलं शाळेत जातात, पहिला दात पडतो, बायकोला शेजारी मैत्रीण मिळते, एखादा रस्ता अंगवळणी पडतो. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेत गिळलं तेव्हा तिथून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणावं लागलं. एअर इंडियानं ४८८ फेऱ्या केल्या. आपण ही गोष्ट विक्रम म्हणून सांगतो. त्या माणसांच्या बाजूनं पाहिलं तर ती घर सोडण्याची गोष्ट होती: भांडी, फोटोंचे अल्बम, मुलांच्या शाळेचे दाखले, बँकेतली पुंजी मागे टाकून निघण्याची. युद्ध संपल्यावर अनेक जण पुन्हा तिथेच गेले. पोट हे कारण होतंच. पण पोट भरण्यासाठी दुसरा देशही चालला असता. ओळखीचं शहर ओढत होतं हेही त्यात होतं. मानवशास्त्रज्ञ नेहा व्होरा यांनी दुबईतल्या भारतीयांवर ‘इम्पॉसिबल सिटिझन्स’ हे पुस्तक २०१३ मध्ये लिहिलं, त्याचा गाभा हाच आहे: कागदावर नागरिक होणं अशक्य असलेली ही माणसं वागण्या-बोलण्यात, व्यवहारात, शहराविषयीच्या आपलेपणात नागरिकच होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्मरणरंजन सगळं गोड करतं. करामातल्या दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या मुलाला शोरमा आणि शारजाचे सामने आठवतील. पण दुबईतल्याच सोनापूरच्या कामगार छावणीत राहून उन्हात सळया बांधणाऱ्याला काय आठवेल? मालकाकडे जमा असलेला पासपोर्ट, थकलेला पगार, दलालाचं कर्ज, चार वर्षांत न पाहिलेलं मूल. कफाला पद्धतीनं कामगाराचं राहणं मालकाच्या मर्जीवर बांधलं होतं. कतारनं २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली आणि १,००० रियालांचं किमान वेतन ठरवलं, तेही फुटबॉल विश्वचषकाच्या निमित्तानं जगाची नजर वळल्यावर. म्हणून आखाताच्या आठवणींत वर्गभेद आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. मात्र त्यावरून आठवणीच नकोत असा निष्कर्ष निघत नाही. उलट फक्त मध्यमवर्गाच्या आठवणी लिहिल्या गेल्या तर छावणीतला माणूस दुसऱ्यांदा पुसला जाईल. त्यालाही शहर आठवतं: शुक्रवारी चौकात भेटणारे गाववाले, खोलीत आळीपाळीनं रांधलेलं कालवण, गावाकडे पाठवलेली आवाजाची कॅसेट. दुःखाच्या जागेतही माणूस जगण्याची रीत बसवतो. ती रीत लिहिल्यानं अन्याय झाकला जात नाही. तो कुणावर झाला हे कळतं.

तिसरा आक्षेप असा की शहरं सगळीकडेच बदलतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतलं गिरणगाव उठलं, गिरण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या आल्या. मग दुबईचं वेगळं काय? वेगळं आहे ते हक्काचं. गिरणी कामगार हरला तरी मोर्चा काढू शकला, घरासाठी अर्ज करू शकला, काहींना घरं मिळालीही. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशाला त्याच जागी ५०० चौरस फुटांचं घर देण्याची योजना आहे. दुबईच्या कायद्यात इमारत पाडायची तर भाडेकरूला बारा महिने आधी सूचना द्यावी लागते, ही चांगलीच तरतूद आहे. पण त्यानंतर त्या जागेवर त्याचं काही उरत नाही आणि गल्ली वाचवा म्हणून सभा घेण्याची सोय तर नाहीच. २००२ पासून ठराविक भागांत परदेशी माणसाला घर विकत घेता येतं, २०१९ पासून ‘गोल्डन व्हिसा’ आहे. हे दरवाजे पैसेवाल्यांना आणि निवडक व्यावसायिकांना उघडले. टॅक्सीचालकाला, सुताराला, किराणा दुकानातल्या नोकराला ते बंदच आहेत आणि जुनी गल्ली प्रामुख्यानं त्यांचीच होती.

स्थलांतर उलट्या दिशेनं झालं तेव्हा काय घडलं, हे परभणीकरांना बाहेर शोधायला नको. निजामाच्या राज्यात दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतहून अरब शिपाई फौजेत आले. हैदराबादचा बारकस भाग त्यांचा; पण परभणी, नांदेड, औरंगाबादकडेही ती कुटुंबं पसरली आणि आज चाऊस हे आडनाव मराठवाड्यात कुणाला परकं वाटत नाही. तेही पगारासाठीच आले होते. पण त्यांच्या नातवंडांना इथे शेत घेता आलं, दुकान टाकता आलं, मत देता आलं, निवडणूक लढवता आली. मुक्कामाला आलेला माणूस रहिवासी झाला. एरवी मराठवाड्याच्या मागासलेपणाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. माणसाला सामावून घेण्याच्या बाबतीत मात्र या भागानं चकचकीत शहरांना न जमलेली गोष्ट केली आहे.

राहण्याचा हक्क द्यायचा की नाही हा त्या देशांचा प्रश्न. तो आपल्या हातात नाही. आठवणी नोंदवणं मात्र आहे. केरळनं हे काम कधीच सुरू केलं. सौदी वाळवंटात अडकलेल्या कामगारावरची बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम्’ ही मल्याळम कादंबरी २००८ मध्ये आली; अबुधाबीत वाढलेल्या दीपक उन्नीकृष्णन यांनी ‘टेम्पररी पीपल’ इंग्रजीत लिहिली. मराठीत आखातावर आलेलं बहुतेक लेखन प्रवासवर्णनाचं किंवा उद्योजकाच्या यशाचं आहे. पन्नास वर्षं तिकडे राबलेल्या मराठी माणसांच्या मानानं ते तोकडं पडतं. १९७० च्या दशकात गेलेली पिढी आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. त्यांच्या घरी कराराची पत्रं, जुने पासपोर्ट, खोलीतल्या सोबत्यांचे फोटो, ड्राफ्टच्या पावत्या, कॅसेटी अजून असतील. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना, तालुक्याच्या वाचनालयांना हे जमवायला फार पैसा लागणार नाही. विद्यार्थ्यांनी साधे प्रश्न विचारावेत: कुठल्या गल्लीत राहत होता, भाडं किती, शेजारी कोण, सुट्टीच्या दिवशी कुठे जात होता, जेवण कोण करायचं, आजारी पडलात तर कोण आलं. गोडवे गाऊन घेऊ नयेत आणि रडगाणंही गाऊन घेऊ नये. पत्ता, रक्कम, नाव, वर्ष विचारावं. मध्यमवर्गीय कुटुंबांइतकंच गवंड्यांना आणि चालकांना विचारावं, आणि मागे गावी राहून घर चालवलेल्या बायकांनाही, कारण त्या शहराचा अर्धा खर्च त्यांनी एकटेपणानं भरला आहे. दुबई, दोहा, कुवेतच्या जुन्या गल्ल्या वाचवणं वालूरसारख्या गावाला किंवा महाराष्ट्रातल्या कुणालाही शक्य नाही. पण तिथे कोण, कसं राहत होतं याचा पुरावा आपल्याच गावांतल्या ट्रंकांमध्ये आहे. उद्या त्या देशांतल्या इतिहासकारांना आपल्या शहरांची मधली पन्नास वर्षं शोधायची झाली, तर त्यांना आपल्या दाराशी यावं लागेल, आणि तेव्हा दाखवायला आपल्याकडे काही असलं पाहिजे.